रिकामी जागा भरा

साखर पेठेतल्या रात्रशाळेत
फळ्यावर आठ क्रियापदं लिहिली.
प्लॉड, ट्रज, शफल, हॉबल, लिंप,
अँबल, टॉडल, आणि शेवटचं सॉन्टर.
ते लिहिताना खडू मोडला.
शेजारच्या कारखान्यातले माग म्हणाले
खटक पटक, खटक पटक,
म्हणजे, थांबू नका, शिकवा.

गाईडात होतं:
ट्रज, म्हणजे बर्फातून जड पायांनी जाणं.
मौलालीनं हात वर केला.
सर, बर्फ गोळ्याच्या गाडीवर असतो,
त्यातनं कोण जातंय?
सगळे हसले, मीही.
मग तोच म्हणाला, मे महिन्यात
अक्कलकोट रोडला डांबर चप्पल धरून ठेवतं,
पाय येतो वर, चप्पल येत नाही.
ते चालंल का?
चालेल, म्हणालो,
बर्फ पुसला, डांबर लिहिलं.

शफल पत्त्यांचं असतं, असं रेवणसिद्ध समजत होता.
म्हणून पाय न उचलता, घासत,
टेबलापासून दारापर्यंत मी चालून दाखवलं.
आमचा आज्जा, तो म्हणाला.
मिल बंद पडल्यापास्नं असाच चालतो.
पायाला काय झालं?
पायाला काय नाही झालं, सर.

हॉबल आणि लिंप यांतला फरक
मलाच नीट येत नाही.
दोन्ही लंगडणंच. एकात दुखणं जास्त असावं,
किंवा लाज.
मी पुढं गेलो.

सॉन्टर, म्हणजे रमतगमत, खिशात हात घालून.
यावर वर्ग गप्प.
रविवारी, तलावाच्या काठानं, मी सुचवलं.
रविवारी पण पानं भिजवायची असतात,
नागमणी म्हणाली.

तशी ही पोरं भाषेला घाबरणारी नाहीत.
यांच्या एका बोळात सावकाश तीनदा होतं:
दमानं, मेल्लगा, निधान.
आई एकात ओरडते, शेजारीण दुसऱ्यात,
आणि पोरगं तिन्ही ऐकून पळत सुटतं.

दाराजवळ यादगिरी बसतो. वय एक्केचाळीस,
दहाला पाळी, म्हणून दाराजवळ.
सर, चार मागांमधी आमी रातभर चालतो.
धागा तुटला की हिकडं, कांडी संपली की तिकडं.
पोरानं मोबाईलमधी मोजलं,
अकरा किलोमीटर.
सकाळी बघितलं तर हितंच.
त्याला काय म्हणायचं इंग्लिशमधी?

मला लगेच सुचलं याचा आनंद झाला.
शटल, म्हणालो.
तो हसला. शटल म्हणजे धोटा, सर.
धोट्याला पाय नसतात.
माणसाचं सांगा.

घरी येऊन डिक्शनरी चाळली.
नव्हतं.

चाचणीत यावर एकच प्रश्न टाकला:
माय मदर, रिकामी जागा, होम फ्रॉम द फॅक्टरी.
माझं उत्तर ठरलेलं होतं, ट्रजेस.
नागमणीनं लिहिलं, कम्स.

लाल पेन उघडा, हातातच.
तिची आई मी बघितलेली आहे.
सूप कमरेला, छाट काढलेल्या विड्या पदरात,
पिठाच्या गिरणीशी थांबते, भिंतीला हात लावते,
चपलेतला खडा काढते,
जणू खड्यासाठीच थांबली होती.
फळ्यावरच्या आठांपैकी चार-पाच तरी
त्या एका बोळात तिच्याकडून होतात.
पण ते बोळातून दिसतं.
पोर घरात असते, पानं कातरत.
तिला कडी वाजलेली ऐकू येते,
आणि आई येते.

अर्धा मार्क दिला.

दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन ती टेबलाशी उभी.
सर, स्पेलिंग चुकलं का?
नाही, म्हणालो.
ती तशीच उभी राहिली.